२ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण आणि मुंबईच्या वाट्याचा चंद्र

सोमवार, २ ऑगस्ट २०२७. तारीख आत्ताच मोबाईलमधे टाकून ठेवा. त्या दिवशी दुपारी पावणेचारच्या सुमाराला मुंबईतून सूर्यग्रहण दिसायला लागेल, पावणेपाचच्या जरा आधी ते सगळ्यात जास्त असेल आणि साडेपाचच्या आसपास सुटेल. खंडग्रास आहे, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाणार नाही. व्यास धरला तर चाळीस टक्क्यांच्या थोडं वर आणि क्षेत्रफळ धरलं तर साधारण तीस टक्के झाकला जाईल. हे दोन आकडे वेगळे असतात, बातम्यांमधे त्यांची कायम सरमिसळ होते आणि मग कोणी म्हणतं चाळीस, कोणी म्हणतं तीस, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

हेच ग्रहण दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी, येमेन, सोमालिया या पट्ट्यातून खग्रास दिसणारे. इजिप्तमधे लक्सरजवळ सूर्य तब्बल ६ मिनिटं २३ सेकंद पूर्ण झाकलेला असेल, जे खग्रास ग्रहणासाठी खूपच जास्त आहे, एरवी दोन-तीन मिनिटं मिळाली तरी लोक जगाच्या दुसऱ्या टोकाला जातात. त्यामुळे आत्तापासूनच सगळीकडे लक्सर लक्सर चाललंय, टूरवाले पॅकेज काढतायत, आणि २०२५ मधे तर 'दोन ऑगस्टला सगळ्या जगात सहा मिनिटं अंधार' असा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरून गेला, ज्यात वर्षही चुकीचं होतं आणि 'सगळ्या जगात' हे तर होऊच शकत नाही. या ग्रहणात चंद्राची गडद सावली जमिनीवर पडेल तेव्हा ती फार तर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर रुंद असेल. सगळं जग तिच्यात मावणार कसं?

मला लिहायचंय ते लक्सरबद्दल नाही, आपल्या तीस टक्क्यांबद्दल. कारण मी ज्याला ज्याला सांगितलं त्याची रिॲक्शन एकच, "अगं पण आपल्याकडे खंडग्रासच आहे ना मग." हा 'च' मला पटत नाही. खग्रास बघायला मिळालं तर जरूर बघावं, त्यातलं ते प्रभामंडळ (झाकलेल्या सूर्याभोवतीचं पांढरं तेज), सूर्याचा शेवटचा ठिपका चमकतो ती हिऱ्याची अंगठी, सगळं खरंच अद्भुत असतं. पण ग्रहण म्हणजे नक्की काय होतं हे समजून घ्यायचं असेल तर खंडग्रासात जवळजवळ पावणेदोन तास निवांत मिळतात, चंद्र सरकताना बघता येतो, आणि मुख्य म्हणजे आपण कुठे उभे आहोत त्यावर आपल्याला काय दिसणार हे ठरतं, ही गोष्ट खंडग्रासात जितकी कळते तितकी दुसऱ्या कशात कळत नाही.

ही गोष्ट मला नीट उलगडली ती आमच्या आईंमुळे, म्हणजे सासूबाईंमुळे. आम्ही परळला राहतो, आई ग्रहण पाळतात, त्यांच्या मोबाईलमधे पंचांगाचं ॲप आहे आणि त्या ते रोज बघतात. मी त्यांना तारीख सांगितली तर त्यांनी लगेच उघडून बघितलं. "अगं, ही आषाढी अमावास्या, दिव्याची अवस. सोमवार आहे म्हणजे सोमवतीसुद्धा." मग थोड्या वेळानं चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाल्या, "पण अमावास्या साडेतीनच्या सुमाराला संपतेय आणि तू म्हणतेस ग्रहण पावणेचारला लागणार. अमावास्या संपल्यावर सूर्यग्रहण कसं लागेल? श्रावण लागला की मग."

प्रश्न एकदम बिनतोड होता. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं हे आपण शाळेपासून घोकलेलं असतं. आणि इथे तर पंचांगाप्रमाणे प्रतिपदा लागल्यावर मुंबईतून ग्रहण दिसायला सुरुवात होतेय. ॲप चुकलं म्हणावं तर तेही नाही, वेळा मी दुसऱ्या ठिकाणी ताडून बघितल्या, दोन्ही बरोबर आहेत.

उत्तर असं आहे की तिथी ही पृथ्वीच्या केंद्रावरून मोजतात. म्हणजे समजा एखादा माणूस पृथ्वीच्या पोटात बरोब्बर मध्यभागी बसलाय आणि तिथून त्याला सूर्य-चंद्र दिसतायत, तर त्याच्या दृष्टीनं ज्या क्षणी चंद्र सूर्याला गाठतो तो अमावास्या संपायचा क्षण. तिथी सगळ्या जगाला एकाच क्षणी संपते, घड्याळं वेगवेगळी असली तरी. पण आपण पृथ्वीच्या केंद्रात राहत नाही, परळला राहतो, केंद्रापासून सहा हजार तीनशे सत्तर-एक किलोमीटर वर. आणि चंद्र आपल्याला तसा जवळ आहे, साधारण पावणेचार लाख किलोमीटर, तर सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. त्यामुळे आपण जागा बदलली की सूर्य जवळपास जागच्या जागी राहतो आणि चंद्र त्याच्यासमोर सरकल्यासारखा दिसतो.

आईंना मी खिडकीत उभं केलं. समोर टॉवरच्या कामाची क्रेन आहे, तिच्यासमोर हात लांब करून अंगठा धरायला सांगितला, एक डोळा मिटा, मग दुसरा मिटा. अंगठा क्रेनच्या या बाजूचा त्या बाजूला उडी मारतो. क्रेन सूर्य, अंगठा चंद्र, आणि एक डोळा मुंबई तर दुसरा मस्कत. मस्कत म्हटलं कारण माझी नणंद तिकडे असते. आईंनी चार-पाच वेळा डोळे मिटून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वन्संच्या आकाशात चंद्र वेगळ्या जागी?" (त्या स्वतःच्या मुलीला माझ्या बाजूनं वन्सं म्हणतात, मला फार गोड वाटतं ते.) हो, वेगळ्या जागी. रोजच असतो, फक्त एरवी ते कळायला मागे काही खूण नसते. ग्रहणाच्या दिवशी मागे सूर्याची थाळी असते म्हणून डोळ्याला दिसतं.

आता मुंबईला उशीर का, तर चंद्राची सावली पृथ्वीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावते. पृथ्वीपण त्याच दिशेला फिरतेय, आपण मुंबईकर ताशी जवळपास सोळाशे किलोमीटरनं पूर्वेला जातोय, पण चंद्र त्याच्या कक्षेत ताशी साडेतीन हजारांहून जास्त वेगानं जातो, त्यामुळे सावली आपल्याला मागून येऊन गाठते. त्या दिवशी सावली अटलांटिकमधे उतरते, आफ्रिकेचा उत्तर भाग कापते, इजिप्तमधे असते तेव्हा आपल्याकडे साडेतीन वाजलेले असतात आणि तिथी संपत असते. मग ती तांबडा समुद्र ओलांडून मक्का-जेद्दा, येमेन, सोमालियाचं टोक असं करत हिंदी महासागरात उतरते. आपण त्या वाटेच्या पूर्वेला आणि उत्तरेला. सावली आपल्या बाजूला यायला वेळ लागतो, म्हणून श्रावण लागून गेल्यावर आपलं ग्रहण.

सावली म्हणजे एक नाही हं, दोन. मधे गडद प्रच्छाया, ती वर म्हटलं तशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरची, तिच्यात जे असतात त्यांना खग्रास. तिच्याभोवती उपच्छाया, ही मात्र अवाढव्य, मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. उपच्छायेत कुठेही असलात तर सूर्याचा काही भाग दिसतो, काही झाकलेला असतो, हेच खंडग्रास. मधल्या रेषेच्या जितकं जवळ तितका मोठा घास. मुंबई त्या रेषेपासून साधारण दोन हजार किलोमीटर बाजूला पडते, म्हणून आपल्या वाट्याला तीस टक्के. केरळ दक्षिणेला आहे म्हणून त्यांना आपल्यापेक्षा मोठा घास, तिरुअनंतपुरमला व्यासाच्या साठ टक्क्यांच्या आसपास. नागपूरला आपल्यापेक्षा छोटा आणि कोलकात्याला अगदीच निसटता. तीस टक्के हा आपल्या नशिबाचा आकडा नाही, आपल्या अक्षांश-रेखांशाचा आहे.

दुसऱ्या प्रकारचंही खंडग्रास असतं, ज्यात जगात कुठेच खग्रास नसतं, कारण सावलीची मधली रेषा पृथ्वीला लागतच नाही, ध्रुवाच्या बाजूनं अंतराळात निघून जाते आणि फक्त उपच्छायेची कड जमिनीवर घासते. २५ ऑक्टोबर २०२२ चं तसं होतं. आठवत असेल, २४ ला लक्ष्मीपूजन झालं, मधे ग्रहण आलं आणि पाडवा २६ ला गेला. मुंबईतून ते सूर्यास्ताला दिसलं, पाचच्या आत सुरू झालं आणि सहाच्या पुढे सूर्य ग्रहण लागलेलाच समुद्रात बुडाला, याला ग्रस्तास्त म्हणतात. दादर चौपाटीवर मी ते बघितलंय, चष्म्यातून, साधारण चौथा हिस्सा गेलेला, उजवीकडून कुणीतरी दाबल्यासारखा सूर्य, आणि पुळणीवर अनोळखी माणसं एकमेकांना चष्मे देत होती, एक भेळवाला दर थोड्या वेळानं येऊन "दाखवा ना परत" म्हणत होता. त्या संध्याकाळीसुद्धा आपल्याकडे खंडग्रासच होतं. कोणी 'च' म्हणत नव्हतं.

मग दर अमावास्येला का नाही, हा पुढचा प्रश्न. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला पाच अंशांहून किंचित जास्त कललेली आहे. पाच अंश ऐकायला कमी वाटतं पण सूर्याची थाळी आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद असते, म्हणजे चंद्र सूर्याच्या दहा थाळ्या वरून नाहीतर खालून निघून जाऊ शकतो. बहुतेक अमावास्यांना तेच होतं. दोन कक्षा जिथे एकमेकांना छेदतात असे दोन बिंदू आहेत, सूर्य त्यांच्या जवळपास असताना अमावास्या आली तरच ग्रहण. हे दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. चंद्र दक्षिणेकडून उत्तरेला चढतो तो राहू, उत्तरेकडून दक्षिणेला उतरतो तो केतू. २०२७ चं हे उतरत्या बिंदूजवळ आहे, म्हणजे केतुग्रस्त. आईंना हे ऐकून खूप बरं वाटलं, की राहू-केतू आहेत, फक्त ते गिळणारे नाहीत, जागा आहेत. आणि हे काही आपल्याला बाहेरून कळलेलं नाही, चंद्र सूर्याला झाकतो हे आर्यभटानं पाचव्या शतकाच्या शेवटी, ४९९ च्या सुमाराला स्वच्छ लिहून ठेवलंय. आपल्या कोकणात मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञानं १५२० मधे ग्रहलाघव लिहिलं ते तर ज्या-कोज्येच्या (म्हणजे साइन-कोसाइनच्या) भानगडीत न पडता साध्या गुणाकार-भागाकारानं ग्रहण काढता यावं म्हणून, आणि महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक पिढ्या त्यावर चालली. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. अवघड गणित सोपं करून जोशीबुवांच्या हातात देणं हे काय कमी काम आहे का.

त्यात एक मजेची गोष्ट अजून आहे, चक्राची. सूर्य, चंद्र आणि हे बिंदू एकमेकांच्या मानानं जवळजवळ त्याच जागी परत यायला ६५८५ दिवस आणि वर आठेक तास लागतात, म्हणजे १८ वर्षं, १०-११ दिवस आणि ८ तास. याला सारोस म्हणतात. तर २ ऑगस्ट २०२७ मधून एवढे दिवस वजा करा. काय येतं? २२ जुलै २००९! ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय. सुरतेपासून पाटण्यापर्यंत खग्रास, या शतकातलं सगळ्यात लांबलेलं, मुंबईत सूर्योदयाच्या सुमाराला मोठं खंडग्रास, आणि वर जुलैचं आभाळ. सुरतेला गेलेले लोक ढगांत अडकले, बिहारमधल्या तरेगणाला एवढी गर्दी जमली होती तिथेही ढगच, वाराणसीला मात्र दिसलं. ते ग्रहण आणि २०२७ चं हे एकाच घराण्यातलं. मधले आठ तास ज्यादा आहेत ना, तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फिरून जाते, म्हणून घराणं तेच पण पट्टा पश्चिमेला सरकलेला, त्यावेळी भारत-चीन, आता आफ्रिका-अरबस्तान. आणि त्याच घराण्यात मागे मागे गेलात तर २९ मे १९१९ लागतं, ज्या ग्रहणात एडिंग्टन हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्याच्या कडेला ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का ते मोजलं आणि आईनस्टाईनचं म्हणणं टिकलं. एवढं मोठं घराणं आपल्या टेरेसवर येणारे.

या घराण्यातल्या ग्रहणांना चंद्र पृथ्वीच्या बराच जवळ असतो, म्हणून तो मोठा दिसतो आणि खग्रास इतका वेळ टिकतं. आता चंद्र जवळ, शिवाय सूर्याच्या रेषेत, याचा दुसरा परिणाम मुंबईकराला सांगायलाच नको, उधाण. २००९ च्या ग्रहणानंतर एक-दोन दिवसांत मुंबईला पाच मीटरहून उंच भरती आली होती, पेपरात आधीपासून इशारे होते. २०२७ लाही ऑगस्टचे पहिले चार-पाच दिवस भरतीचं वेळापत्रक बघूनच बाहेर पडा. अमावास्येला आपल्याकडे भरती दुपारी बारा-साडेबाराच्या आसपास असते, म्हणजे ग्रहणाच्या वेळी ओहोटी लागलेली असेल, पण मोठं उधाण साधारण अमावास्येच्या नंतरच्या एक-दोन दिवसांत येतं. त्यात पाऊस कोसळत असेल तर आमच्या जवळच्या, हमखास पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताचं काय होतं ते आम्ही परळवाले जाणतोच. ग्रहणामुळे पाणी तुंबतं असं मात्र कोणी म्हणू नका, उधाण दर अमावास्या-पौर्णिमेला असतंच, ग्रहण आणि उधाण या दोन्ही गोष्टी एकाच सरळ रेषेतून निघतात इतकंच.

आता बघायचं कसं. पावणेपाचच्या आधी सूर्य पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, क्षितिजापासून पस्तीस अंशांच्या आसपास असेल, म्हणजे चौपाटीवर, वरळी सी फेसला किंवा पश्चिम मोकळी असलेल्या कुठल्याही गच्चीवर आरामात. घास खालच्या बाजूनं सुरू होईल आणि मग डावीकडे सरकेल. डावीकडेच का, तर सावलीची मधली रेषा आपल्या दक्षिणेकडून जाते, आपण तिच्या उत्तरेला, त्यामुळे आपल्याला चंद्र सूर्याच्या दक्षिणेला सरकलेला दिसतो, आणि पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की दक्षिण डाव्या हाताला येते. एवढं आधी माहीत असलं की तो डावीकडचा घास बघताना आपोआप कळतं की तिकडे, समुद्रापलीकडे, गडद सावली चाललीये.

डोळ्यांचं मात्र हात जोडून सांगते. तीस टक्के झाकला तरी सत्तर टक्के सूर्य उघडा असतो, उजेड कमी झाल्याचं कळणारसुद्धा नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर डोळ्याच्या पडद्याला जी इजा होते ती होताना दुखत नाही कारण पडद्याला वेदना कळतच नाही. एक्स-रेची फिल्म नको, काजळी धरलेली काच नको, साधा गॉगल नको, सीडी नको, हळदीच्या पाण्यात बघणं नको. ग्रहणाचे चष्मे मिळतात त्यावर आयएसओ १२३१२-२ लिहिलेलं बघून घ्या, चरा पडला असेल तर फेकून द्या, आणि चष्मा लावून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून अजिबात बघू नका, भिंगानं गोळा झालेलं ऊन तो चष्मा जाळतं. पातळ ढगातून सूर्य सौम्य दिसतो तेव्हा तर जास्तच सांभाळा, पावसाळ्यात हीच फसगत होते. चष्मे आत्ताच घेऊन ठेवा, २०२२ ला शेवटच्या दिवशी दादरला शोधत फिरणारी माणसं मी बघितली आहेत.

चष्मा नसला तरी अडत नाही, किचनमधला झारा घ्या. बुंदीचा. उन्हात धरला की जमिनीवर त्याच्या सावलीत जे उजेडाचे ठिपके पडतात ना, ते भोकांचे आकार नसतात, प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचं एक चित्र असतं. एरवी गोल दिसतात म्हणून लक्ष जात नाही. ग्रहणात प्रत्येक ठिपक्याचा लचका तोडलेला दिसतो, झाऱ्याला जितकी भोकं तितके खंडग्रास सूर्य, सगळे एकसारखे. फक्त झारा जमिनीपासून जरा उंच धरायला लागतो, कारण चित्राचा आकार अंतरावर ठरतो, एक मीटरला साधारण नऊ मिलिमीटर. याहून मोठं हवं तर छोट्या आरशावर कागद चिकटवायचा, कागदाला नखाएवढं भोक ठेवायचं आणि खिडकीत ऊन पकडून समोरच्या घरातल्या अंधाऱ्या भिंतीवर कवडसा पाडायचा. दहा मीटरवर नऊ सेंटीमीटरचा सूर्य मिळतो, बशीपेक्षा जरा लहान, आणि अख्ख्या मजल्याला एकदम बघता येतो. चाळीच्या कॉमन गॅलरीत यापेक्षा चांगला कार्यक्रम नाही. आरसा कोणाच्या डोळ्यात जाणार नाही एवढं बघा.

पाळण्याबद्दल. आमच्याकडे आई वेध धरतात, तुळशीपत्र ठेवतात, त्यांच्या लहानपणी ग्रहण सुटताना गल्लीत "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी यायची आणि त्या जुनी लुगडी, तांदूळ काढून ठेवायच्या, ते त्यांना आजही करावंसं वाटतं आणि मला त्यात काही अडचण वाटत नाही. दिवे त्या संध्याकाळीच लावणार आहेत, तोवर ग्रहण सुटलेलं असेल, सूर्यास्त सातच्या पुढे आहे. पण एका बाबतीत मी आईंशीही वाद घातलाय आणि त्यांनी ऐकलंय. घरात कोणी गरोदर असेल तर तिला तासन्‌तास पाण्याशिवाय, एका जागी, हलू नको म्हणून बसवून ठेवू नका. चंद्राच्या सावलीनं बाळाला काही होत नाही. ऑगस्टच्या उकाड्यात पाणी न प्यायल्यानं तिला नक्की त्रास होतो. तिलाही चष्मा द्या, बघू दे.

आणि ढग. ऑगस्टचा पहिला आठवडा, मुंबई, दुपारची वेळ, ढग असण्याचीच शक्यता जास्त आहे, हे मान्य करूनच तयारी करायची. पण खंडग्रासाचं हे मला आवडतं, की ते सहा मिनिटांत संपत नाही. पावणेदोन तासांत ढगाला एखादी फट पडली तरी पुरते. खग्रासात ती फट त्याच चार-सहा मिनिटांत पडावी लागते. ज्यांना रिस्क नको त्यांनी घाट ओलांडून पार पर्जन्यछायेत जावं, माण-खटाव, सांगोला, जत, घास जवळपास तेवढाच मिळेल आणि आभाळ उघडं असायचा चान्स जास्त. बाकी खगोल मंडळ, नेहरू तारांगण वगैरेंचे कार्यक्रम जाहीर होतीलच तेव्हा नजर ठेवा, मुलांना तिकडे न्या. सोमवार आहे, हाफ डे टाकावा लागेल, आधीच सांगून ठेवा ऑफिसात. हे चुकलं तर पुढे २१ मे २०३१ ला दक्षिण भारतातून कंकणाकृती (चंद्राभोवती सूर्याची बांगडी उरते ते) आहे आणि २० मार्च २०३४ ला कारगिलच्या बाजूला खग्रास, मुंबईला दोन्ही वेळेस खंडग्रासच.

आमचा बेत मात्र वेगळा आहे. अंगठ्याच्या त्या प्रयोगानंतर नणंदेला फोन लावला आणि ठरलंय की आपले दुपारचे साडेचार म्हणजे मस्कतचे बरोबर तीन, त्या क्षणाला दोघींनी फोटो काढायचा, कॅमेऱ्यापुढे फिल्टर लावून. त्यावेळी तिच्या सूर्याचा घास आमच्यापेक्षा चांगलाच मोठा असेल, आणि दोन फोटो एकमेकांवर ठेवले तर चंद्र सूर्याच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका सरकलेला दिसायला हवा. मुंबई-मस्कत अंतर दीडेक हजार किलोमीटर, पण सूर्याकडून बघितलं तर जमीन तिरकी असल्यामुळे त्यातलं कामाला येतं ते साधारण अकराशे. हे अंतर माहीत, चंद्र किती सरकला तो कोन फोटोवरून माहीत, की चंद्र किती लांब आहे ते घरबसल्या निघतं, उत्तर साडेतीन-पावणेचार लाख किलोमीटरच्या आसपास यायला पाहिजे. ही आयडिया माझी नाही, दोन हजार वर्षांपूर्वी हिप्पार्कस नावाच्या ग्रीक माणसानं हेच केलं होतं, एकाच ग्रहणाला हेलेस्पॉन्टला (आजच्या तुर्कस्तानातली सामुद्रधुनी) सूर्य पूर्ण झाकला आणि अलेक्झांड्रियाला चार पंचमांश, या फरकावरून त्यानं चंद्राचं अंतर काढलं. त्याच्याकडे फोन नव्हता, आपल्याकडे आहे.

अडचण एकच आहे, दोन्ही फोटोंत सूर्य सारखाच वळलेला हवा, नाहीतर एकमेकांवर ठेवता येणार नाहीत. सूर्यावर डाग असतील तर त्यांच्यावरून जुळवता येईल, म्हणून झूमवाला कॅमेरा शोधतेय. आणि परळला ढग आले तर आमचा फोटो गेला, म्हणून जास्त ठिकाणं पाहिजेत. तुमचं कोणी दुबईला, कोचीला, तिरुअनंतपुरमला, नाहीतर सोलापूर-सांगोल्याकडे असेल तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा, २ ऑगस्ट २०२७, भारतातले दुपारचे साडेचार, फिल्टर लावून एक फोटो, घड्याळ मोबाईलशी जुळवून वेळ सेकंदासकट लिहायची आणि गावाचं नाव.